धोंड्याच्या महिन्यातली लाथ

पोरीला खोकला झाला नव्हता, पण झाला तर काय, या काळजीनं शिवकांता तिला कडेवर घेऊन दवाखान्यात गेली. कंधारातला हा दवाखाना मेडिकलच्या दुकानावर, उभ्या जिन्यानं चढायचा. डॉक्टरांनी सृष्टीच्या छातीला नळी लावली, थोडा वेळ ऐकलं, आणि भुवया वर करून म्हणाले, "हिची छाती तर साफ आहे. मग ही घरघर कुणाची येतीय?"

घरघर शिवकांताची होती.

डॉक्टरांनी पोरीला चॉकलेट दिलं आणि आईला तपासलं. "बाई, तुम्हाला आजार काही नाही. पण या वयात एका जिन्यानं एवढी धाप लागते म्हणजे अंग हलवायला पाहिजे. रोज चालत जा."

आता कंधारात कामाशिवाय नुसतं चालणं किती अवघड असतं हे डॉक्टरांना काय माहीत? (ते गाडीनं येतात.) शिवकांता सकाळी किल्ल्याकडच्या रस्त्याला लागली की पहिला मोटारसायकलवाला करकचून ब्रेक मारायचा. "वैनी, गाडी चुकली का? बसा, सोडतो."

"न्हाई, चालून राहिले."

"का? दादासंगं भांडण झालं का?"

त्याला वाटेला लावावं तर दूधवाला थांबायचा. तो गेला की रिक्षा. एकदा तर ओळखीच्या जीपवाल्यानं तिला "लाजू नका वैनी, आपलीच गाडी हाय," म्हणत बळंच आत बसवलं आणि लोह्याच्या फाट्यावर नेऊन उतरवलं. परत यायला तिला दुसरी जीप धरावी लागली. चालण्याच्या पायी तिचं चालणंच कमी झालं.

तेव्हा शेजारच्या केवळाबाईंनी वाट दाखवली. केवळाबाई नात्यानं शिवकांताच्या चुलत सासू. अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून भरलेल्या. म्हणाल्या, "अगं, त्या मंगल कार्यालयात बायांचा किकबॉक्सिंगचा क्लास निघालाय. दार लावून घेत्यात. कुणी बघत न्हाई, कुणी गाडीत बसवत न्हाई."

अधिक महिना होता. अधिकात लग्नं नसतात, त्यामुळं कार्यालय मोकळं पडलेलं. मालकानं हॉल क्लासला देऊन टाकला होता. धम्मप्रिया मॅडम शिकवायच्या. नांदेडला कॉलेज करून, राज्यपातळीवर खेळून आलेली कडक पोरगी. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "इथं कुणाला मारायला शिकायचं नाही. पॅडला मारायचं. दम वाढतो, वजन उतरतं, डोकं शांत राहतं."

'डोकं शांत राहतं' हे ऐकून शिवकांतानं लगेच नाव दिलं. तिचं डोकं म्हणजे चोवीस तास चालू गिरणी. पोरगी झोपली की श्वास चालू आहे का ते बघायचं, जागी असली की तोंडात काही घातलं का ते बघायचं, आणि दोन्ही ठीक असलं की मग आपलं काय चुकून राहिलंय याचा विचार करायचा.

तर क्लास सुरू झाला. जोड्या पाडल्या. शिवकांतासमोर पॅड धरून उभ्या राहिल्या केवळाबाई.

"ताई, मारा किक!" मॅडम म्हणाल्या.

शिवकांतानं डोळे गच्च मिटले, पदर खोचला, पाय उचलला आणि मारला. पाय पॅडला लागला. लागल्याबरोबर तिनं वाकून पॅडला हात लावला, तो हात कपाळाला लावला, मग केवळाबाईंच्या पायाला लावला, परत कपाळाला लावला.

"अखंड सौभाग्यवती हो," केवळाबाई म्हणाल्या.

"हे काय चाललंय?" धम्मप्रिया.

"पाय लागला ना, मॅडम."

"लावायलाच सांगितला होता!"

"हाव, पण लागला म्हणल्यावर पाया पडावं लागतंय की. चुलत सासू हायत त्या."

दुसऱ्या बायांकडं बघावं तर तोच प्रकार. लाथ मारायची, वाकायचं, नमस्कार करायचा. एकीनं तर भिंतीला टेकवलेल्या बॅगेला पाय लागला म्हणून बॅगेच्या पाया पडून घेतलं. पाय लागला की हात कपाळाला जायचा, हे सगळ्यांना अंगात मुरलेलं. धम्मप्रियानं कपाळाला हात लावला. (तिचा पाय कुणाला लागला नव्हता.)

"काकू, तुम्ही तरी आशीर्वाद देऊ नका!"

"आता वाकलेल्या लेकराला आशीर्वाद दिला न्हाई तर पाप मलाच लागतंय, मॅडम."

"शिवकांताताई, समोरचा मारायला आला आणि तुम्ही वाकून त्याच्या पाया पडलात, तर त्याचं काम सोपं झालं की नाही? आणि डोळे उघडे ठेवा!"

डोळे काही उघडे राहिले नाहीत आणि नमस्कार काही सुटला नाही. पण शिवकांताला क्लासची गोडी लागली. त्या वेळात तिला काळजी करायला फुरसतच मिळायची नाही. जिना चढताना घरघर थांबली. एका सकाळी तर तिच्या लक्षात आलं की आपण रात्री पोरीचा श्वास बघायला उठलोच नाही. (त्याची तिला दिवसभर काळजी वाटली.)

नमस्काराचं मात्र मॅडमनी मनावर घेतलं. "घरी कुणालातरी उशी धरायला लावा. न वाकता मारायची सवय करा. तोवर पुढची किक शिकवणार नाही."

घरी उशी धरायला माणूस एकच, नवरा. सुदर्शनचं बसस्टँडजवळ मोटारी वाइंडिंग करायचं दुकान. माणूस तांब्याच्या तारेसारखाच बारीक, फक्त करंट नसलेला. आवाज चढवणं त्याला माहीत नव्हतं. सासूबाई पोथी ऐकायला गेल्या होत्या तेव्हा तो उशी छातीशी धरून खाटेसमोर उभा राहिला.

"मार."

"तुमाला कसं मारू?"

"उशीला मार."

"उशीमागं तुमीच हाव ना. आन् महिना कोणता हाय? धोंड्याचा. तुमी सध्या विष्णू हाव."

हे खरं होतं. तीन वर्षांनी अधिक महिना येतो, तेव्हा जावयाला सासरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, पाय धुतात, चांदीचं काहीतरी देतात. त्या महिन्यापुरता जावई म्हणजे विष्णूच. आणि उद्याच सुदर्शनला धोंडे खायला शिरूर अनंतपाळला, शिवकांताच्या माहेरी जायचं होतं.

"विष्णू मी तिकडं. हितं दुकानदार हाय. मार, आई यायच्या आत."

शिवकांतानं डोळे मिटले. 'वाकायचं नाही, वाकायचं नाही,' म्हणत पाय भिरकावला. "आयो!" असा आवाज झाला. तिनं डोळे उघडले तर सुदर्शन खाटेजवळ खाली बसलेला, उशी पलीकडं, आणि एक हात डोळ्यावर. ती वाकली नव्हती. पण त्याचं कौतुक करायची ही वेळ नव्हती.

बघता बघता डोळा भजीसारखा फुगला. तेवढ्यात सासूबाई, पंचफुलाबाई, पोथी ऐकून दारात.

"काय झालं रे डोळ्याला?"

शिवकांताला खोटं बोलता येत नसे. "मी लाथ मारली, आत्याबाई."

पंचफुलाबाईंच्या हातातला प्रसाद खाली पडता पडता राहिला. "अधिकात? नवऱ्याला? आन् उद्या त्याला तुझा बाप पाटावर बसवून पाय धुणार! विष्णूला लाथ मारली म्हणून सांगणार का तिथं?"

"आई, चुकून लागलं," सुदर्शन म्हणाला.

"तू गप. शिवकांते, ऐक. हे या घराभाईर फुटलं ना, तर तुझा तो क्लास बंद. लोक काय म्हणतील? पंचफुलाच्या पोराला बायको तुडवती! पाय घसरून पडला म्हणून सांगा. बस."

शिवकांतानं मान हलवली. क्लास जाईल या विचारानंच तिच्या छातीत पुन्हा घरघर झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी काळा गॉगल लावून सुदर्शन, सृष्टीला घेऊन शिवकांता, असे एसटीनं निघाले. सुदर्शनला गाडी लागते. म्हणून शिवकांतानं त्याला उलटीची गोळी दिली. मग एकीनं भागलं नाही तर, या काळजीनं आणखी एक दिली. उन्हाळ्याचे दिवस, दोन ठिकाणी गाडी बदलायची. शिरूर अनंतपाळला उतरला तेव्हा सुदर्शनला उलटी झाली नव्हती, पण झोप अशी चढली होती की एक पाय पुढं टाकला की दुसरा कुठं टाकायचा याचा त्याला विचार करावा लागत होता.

अंगणात मांडव, रांगोळी, पाट. शिवकांताचे वडील शेषेराव तांब्या-परात घेऊन तयार. आई तुपाची वाटी घेऊन दारात. चुलते दगडोबा, गावच्या भजनात पुढं बसणारे, पांढरा फेटा बांधून. भावकीतल्या बाया भिंतीला टेकून.

जावईबापू डुलत आले. पाटावर बसताना पाटाच्या बाजूला बसले. मग सरकून पाटावर आले.

"पाव्हणं, गॉगल काढा की, घरचंच हाय," दगडोबा म्हणाले आणि स्वतःच गॉगल काढला.

एक डोळा काळानिळा, मिटलेला. दुसरा गोळीनं लालभडक, अर्धा मिटलेला.

"हे काय?"

"पाय... घसरला," सुदर्शन जड जिभेनं म्हणाला.

"कुठं?"

"घरात," सुदर्शन म्हणाला.

"दुकानात," त्याच वेळी शिवकांता म्हणाली. (एवढंच ठरवायचं राहिलं होतं.)

दगडोबांनी शेषेरावांकडं बघितलं. शेषेरावांनी दगडोबांकडं बघितलं. भिंतीजवळच्या बायांनी एकमेकींकडं बघायची गरज नव्हती, त्यांचं आधीच ठरलं होतं. शेषेरावांनी तांब्या खाली ठेवला. आईनं धोंड्यांवर धरलेली तुपाची वाटी तशीच मागं घेतली. चांदीचं निरांजन आणून ठेवलं होतं, ते दगडोबांच्या बायकोनं, काकूनं, उचलून आत नेलं. नव्या टॉवेलचा आहेर तेवढा खांद्यावर टाकून झाला होता, म्हणून राहिला.

"कवापासून घेताव?" दगडोबांनी हळू आवाजात विचारलं. हळू, म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत.

"काय?"

"सकाळच्या पारीच! धोंडे खायला येताना! जावईबापू, तुमची लेकरंबाळं हायत..."

"काका, मी चहा बी कमी घेतो," सुदर्शन म्हणाला. पण ते म्हणताना त्याला अशी जांभई आली की वाक्याचा शेवट जांभईतच राहिला.

शेषेराव लेकीकडं वळले. "लग्नाला सहा वर्षं झाली," ते म्हणाले, "एका शब्दानं सांगितलं न्हाईस, बाई. एवढं एकटीनं सोसलंस?"

आईनं पदर डोळ्याला लावला.

शिवकांता उभी होती तिथं तिचं डोकं गिरणीसारखं फिरायला लागलं. खरं सांगावं तर क्लास गेला. न सांगावं तर या माणसाची इज्जत गेली. दारूच्या दुकानासमोरून जाताना जो रस्ता ओलांडून पलीकडनं जातो, त्याला आजपासून अख्खं शिरूर दारुडा म्हणणार. आणि तो बिचारा पाटावर गप्प बसलेला. आताही त्यानं तिचं नाव घेतलं नव्हतं.

"आबा," ती म्हणाली, "ते दारू पीत न्हाईत. डोळ्यावर मी लाथ मारली."

मग काकू गहिवरून म्हणाली, "बघा. नवऱ्याला पाठीशी घालून राहिली. गुणाची पोर."

"खरं सांगते. मी किकबॉक्सिंग शिकून राहिले."

"तू?" दगडोबा हसले. "अगं, तू ल्हानपणी कोंबडीला भिऊन झाडावर बसायचीस. आन् खाली उतरवायला बी मीच यायचो."

"मग दाखवते," शिवकांता म्हणाली. हे आपण बोललो याचं तिला सगळ्यांत जास्त नवल वाटलं.

"दाखव."

"काहीतरी द्या मारायला."

आणि तिथंच सगळं अडलं. कोपऱ्यात सोयाबीनचं पोतं होतं. ती त्याच्याकडं वळली तशी आई ओरडली, "अगं, लक्ष्मी हाय ती! लक्ष्मीला लाथ?" कडब्याची पेंढी घ्यावी तर काकू मधे आली, "गाईच्या तोंडचं हाय." गुंडाळलेली सतरंजी होती, पण ती भजनी मंडळाची, तिच्यावर बसून हरिनाम घेतलेलं. ट्रॅक्टरचं जुनं टायर दिसलं तर शेषेराव म्हणाले, "दसऱ्याला हळदकुंकू वाहताव त्याला." आतून गादी आणली. ती बघून आईला रडू फुटलं, त्या गादीवर आजोबा गेले होते. घरभर, अंगणभर धुंडाळलं. त्या भरल्या घरात पाय लावता येईल अशी एक वस्तू निघाली नाही.

"माणसाला मार मग," दगडोबा म्हणाले आणि लगेच मागं सरकले. "मी चुलता हाय."

शेवटी पाटावरून जावई उठले. डुलले, सावरले. "उशी द्या," ते म्हणाले. "मला सवय हाय."

"विष्णूला?" आई किंचाळली.

"मामी, विष्णू तुमीच पाटावरनं उतरवला ना मगाशी," सुदर्शन म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तो असं फटकन बोलला असेल. (गोळीचा गुण असावा.)

उशी आली. सुदर्शन कडब्याच्या गंजीला पाठ करून उभा राहिला. शिवकांतानं नऊवारीचा काष्टा आवळला. धोंड्यासाठी आईनं पाठवलेलं नवंकोरं लुगडं, कडक, घोळदार. सगळी भावकी तिच्यामागं जमली. तिनं श्वास घेतला, डोळे गच्च मिटले, आणि मॅडम शिकवतात तशी कंबर फिरवून लाथ हाणली.

पायाला काहीतरी मऊ लागलं. धप्प!

डोळे उघडले तर सुदर्शन कडब्यात उताणा. उशी गोठ्यात. गाय उठून उभी.

शिवकांता वाकली नाही. हात कपाळाला गेला नाही. तशीच दोन्ही मुठी हनुवटीजवळ धरून उभी राहिली, आणि सृष्टी टाळ्या पिटत ओरडली, "मम्मी, अजून एक!"

सगळ्यांत आधी दगडोबांना वाचा फुटली. त्यांनी फेटा सारखा केला, कडब्यातल्या जावयाला हात जोडले आणि भजनातल्या आवाजात म्हणाले, "भृगू ऋषीनं लाथ मारली, ती विष्णूनं छातीवर मिरवली. आमच्या जावईबापूंनी डोळ्यावर मिरवली. चुकलो, देवा!"

मग काय विचारता. निरांजन बाहेर आलं. शेषेरावांनी पाय धुतले, आणि धुताना, "लई लागलं का हो?" असं तीनदा विचारलं. आईनं तूप असं ओतलं की धोंडे तरंगायला लागले. भावकीतल्या बाया जावयाला वारा घालत होत्या, "काय सोसतो बिचारा," म्हणत होत्या. सुदर्शन झोपेत धोंडे खात होता. शिवकांताला ताट वाढायचं सगळे विसरले, पण तिच्याकडं बघायची नजर बदलली. काकूनं तर पाण्याचा तांब्या जरा लांबूनच सरकवला.

फोन पंचफुलाबाईंपर्यंत गेलाच. शेषेरावांनीच लावला. "इहीणबाई, माफी करा. तुमच्या पोराला आमी दारुडा समजलो. ते तर आमच्या पोरीच्या लाथेनं..."

शिवकांतानं डोळे मिटले. संपला क्लास.

फोनमधून पंचफुलाबाईंचा आवाज अंगणभर ऐकू आला. "दारुडा म्हणले? माझ्या सुदर्शनला? द्या तिच्याकडं फोन... शिवकांते, तू लाथ मारून दाखवलीस ना समद्यांसमोर?"

"हाव, आत्याबाई."

"ब्येस केलंस! दारुडा म्हणत्यात! तू क्लास सोडू नको. आन् पुढच्या टायमाला तुझ्या त्या चुलत्याला धर."

परतीच्या एसटीत सृष्टी मांडीवर झोपली होती. गोळी उतरून सुदर्शन जागा झाला होता, चांदीचं निरांजन पिशवीत घट्ट धरून बसला होता. शिवकांता खिडकीशी ताठ बसली होती. कितीतरी दिवसांत तिला कशाचीच काळजी वाटत नव्हती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "लई जोरात लागली का?"

सुदर्शन बाहेर बघायला लागला.

"सांगा की. मला वाईट न्हाई वाटायचं."

"तसं न्हाई," तो म्हणाला. "लागलीच न्हाई."

"काय?"

"लाथ. उशीच्या चांगली हातभर बाजूनं गेली. मी बघितलं, आता ही पडली तोंडघशी. मग मीच मागं पडलो."

"पण माझ्या पायाला लागलं की!"

"टॉवेल तो. आहेराचा. खांद्यावरनं लोंबत होता."

"आन् बाकीच्यांना दिसलं न्हाई?"

"तुझ्या लुगड्याचा घोळ एवढा उडाला, मलाच गाय दिसंना झाली."

एसटी एका फाट्यावर थांबली, माणसं उतरली, चढली, पुन्हा निघाली. मग शिवकांताला आशा वाटली.

"पण डोळा? डोळ्याचं तरी खरं हाय ना?"

सुदर्शननं बराच वेळ निरांजनाची पिशवी नीट केली.

"तू पाय उचललास," तो म्हणाला, "तवा मी भिऊन उशी तोंडावर मारून घेतली. तिची चेन लागली."

शिवकांतानं खिडकीतून तोंड बाहेर काढलं. वारा डोळ्यात गेला म्हणून डोळे पुसले. मग आत वळून, कुणी ऐकत नाही ना ते बघून, तिनं विचारलं, "मग मी क्लासला जाऊ का नको?"

"जा की," सुदर्शन मनापासून म्हणाला. "जात राहा. लागंल कवातरी."